पुसलेला फोल्डर

"नवं घातलं अन् जुनं चालंना. कुणी सांगितलं होतं की?" संगणक दुरुस्त करत बसलेल्या माझ्या कानाशी हेमावतीअक्का पुटपुटल्या.

संगणकाची सिस्टिम नवी केल्यापासून त्यांच्या कारखान्यातला, टॉवेलांची नक्षी काढणारा प्रोग्राम उघडत नव्हता. तो त्यांच्या मुलानं, प्रभूनं लिहिलेला. प्रभू परगावी आहे, असं अक्का सांगायच्या आणि आम्ही कारखान्यातले सगळे माना डोलवायचो.

प्रोग्रामला ज्या लायब्ररीचा, म्हणजे तयार कोडच्या संचाचा, आधार लागतो, ती प्रभूच्या फोल्डरात होती. तो फोल्डर नव्या सिस्टिमपायी पुसला गेला होता. मी दुसरी लायब्ररी आणून प्रोग्रामला तिचा पत्ता दिला. बघता बघता पत्ता पुन्हा प्रभूच्या फोल्डरचा झाला. माझंच चुकलं असेल, आपली आपण शिकलेली बाई मी. पुन्हा दिला. पुन्हा तेच.

मग प्रोग्राम उघडला. नसलेल्या फोल्डरातून.

पडद्यावर कधी न पाहिलेली नक्षी धाग्याधाग्यानं उमटू लागली. माउसवर कुणाचाच हात नव्हता.

अक्का पडद्याकडे वाकल्या. "दमलास का रे? चहा टाकू?"

नक्षी थांबली, हाक ऐकून कुणी मान वर करावी तशी.

दारात उभे असलेले त्यांचे यजमान, शिवयोगीअण्णा, म्हणाले, "हेमा, त्याला आपण माती दिलीय."