बेंबीतला आवाज

एकसष्ट साली मी बुलढाण्याकडच्या आमच्या उंद्रीत जुना चावीचा फोनो आणला. सोबत एकच तबकडी मिळाली, तीही नाव खरवडलेली. गाणं इतकं संथ आणि खोल की एकही शब्द कळत नसे, पण ऐकता ऐकता माणूस डोलायला लागे.

"बुवाचा आवाज थेट बेंबीतून येऊन राह्यला," माय हात जोडून म्हणायची. त्या आवाजापायी तिनं कांदा सोडला.

तीन वर्षांनी फोनो बंद पडला, म्हणून बुलढाण्याला दुरुस्तीला नेला. कारागीर म्हणाला, "स्प्रिंग पयलेपासूनच ढिली होती, भाऊ. तबकडी निम्म्या चालीनं फिरून राह्यली होती."

घरी येऊन लावला, तर बुवांच्या जागी एक बाई ठसक्यात लावणी म्हणू लागली.

माय शेवटपर्यंत ऐकत बसली.



मग उठली, चुलीपाशी गेली आणि बुक्कीनं कांदा फोडला.