जहाजाने केलेला बर्फ

आर्क्टिक समुद्रावर आता स्वतःचा बर्फ उरला नव्हता. सकाळी सहलीच्या जहाजावरच्या यंत्रांनी थोडं पाणी गोठवलं, तेव्हा त्यावर पांढऱ्या अस्वलाची मादी पिलाला घेऊन चढली. प्रवाशांनी मनसोक्त फोटो काढले. मग यंत्रं बंद झाली आणि जहाज निघालं.

"आता त्यांचं काय?" निवृत्त पशुवैद्य हेमलता पाध्ये यांनी सहलप्रमुख परागला विचारलं.

"हा बर्फ विरघळेल, डॉक्टर. मग ती आपल्यामागे पोहत येतात. पुढचा बर्फ आपणच करणार, हे त्यांना कळलंय."

"किती लांब?"

"चाळीस मैल."

"जहाज हळू न्या ना."

"वेग संगणक ठरवतो. कप्तानालाही बदलता येत नाही."

हेमलताबाई कठडा धरून उभ्या राहिल्या. पाण्यात दोन डोकी दिसत होती. लहान डोकं मागे पडू लागलं, तशी आई माघारी वळली.