बॅटरीचं टोपण

हॉर्न तिसऱ्यांदा वाजला तरी वनिता उठली नाही. ओट्यावर जुन्या जीपची बॅटरी, पुढ्यात हातोडा, कात्री आणि सायकलची फाटकी ट्यूब. बाहेर रस्त्यावर ऊसतोडीच्या टोळीचा ट्रॅक्टर उभा होता. गोधड्या, भांडी, कोंबड्या, बाया-माणसं सगळं ट्रॉलीत चढलं होतं. अडलं होतं ते या एका घरापायी.

“विलास, यायचं हाय का न्हाई बे?” मुकादम गहिनीनाथ रस्त्यावरून ओरडला.

“आलोच!” विलास म्हणाला आणि बायकोवर खेकसला, “आगं, दोन तारा गुंडाळल्या की पेटतो बल्ब. ह्ये काय दागिने घडवायलीस?”

काम तसं दागिन्याचंच होतं. तांब्याची नळी ठोकून तिने दोन पट्ट्या केल्या होत्या, बॅटरीच्या दोन्ही टोकांना गच्च बसणाऱ्या. पट्ट्यांना नटबोल्टने तारा आवळल्या होत्या. एका तारेत मोटारसायकलचा फ्यूज घातला होता, तार तापायच्या आत तो उडावा म्हणून. आता ट्यूबची दोन टोपणं कापून पट्ट्यांवर चढवायची राहिली होती.

“जुनी बॅटरी हाय. तिच्यात जीव तरी किती?”

“बल्ब पेटवायला कमी पडंल,” वनिता म्हणाली. “कोपी पेटवायला न्हाई.”

गेल्या हंगामात शेजारच्या सुंदररावांची कोपी जळताना दोघांनी पाहिली होती. कोयता पोरांच्या हाताला लागू नये म्हणून सुंदररावांनी तो उंचावर ठेवला, आणि उसाच्या पाचटाच्या त्या खोपटात उंच म्हणावी अशी जागा एकच, डब्यावर ठेवलेली बॅटरी. पातं दोन्ही टोकांवर आडवं पडलं, ठिणग्या उडाल्या. एक भाकर भाजून होईपर्यंत कोपीची राख झाली. पोरं पाण्याला गेली होती म्हणून वाचली.

वनिताची पौर्णिमा दीड वर्षाची. पहाटे हे दोघं फडात गेले की ती कोपीत आजीजवळ राहणार, आणि आजीला हातभरापलीकडचं धड दिसत नव्हतं.

टोपणं चढली. वनिताने कोयता उचलला आणि दोन्ही टोपणांवर आडवा ठेवला. विलास नकळत दोन पावलं मागे सरला. काही झालं नाही.

“झालं ना समाधान? चल आता.”

“थांबा.” तिने पौर्णिमाला उचलून बॅटरीपुढे बसवलं. पोरीला काहीतरी काळं, मऊ, चिमटीत येणारं दिसलं. तिने ओढलं. टोपण मुठीत आलं आणि मुठीतून थेट तोंडात.

वनिताने ते पोरीच्या तोंडातून काढलं आणि पुन्हा कात्री हातात घेतली. बाहेर ट्रॅक्टर सुरू झाला.

“वर फळी टाकू, पोतं टाकू, पण ऊठ!” विलास आता रडकुंडीला आला होता.

“तुमी जावा. मी उद्या यष्टीनं येते.”

“एकट्याला कोण घेतं? तोडणी जोडीची असती.”

दारात बसलेल्या केशरबाईंनी एवढा वेळ सुनेला मनातल्या मनात शिव्याच घातल्या होत्या. आता त्यांनी बांधलेलं गाठोडं सोडलं, चाचपून दाभण काढलं आणि पुढे केलं. दोरा ओवलेलाच होता. “रबरच हाय न्हवं? मग शिव की. वाकळीला घालतीस तसा टाका घाल.”

वनिताने यावेळी टोपणं लांब कापली, पट्टीखाली तारेवर उतरतील अशी. विलास समोर बसला आणि टोपण दाबून धरलं.

“एका वक्ताला एकच टोक,” ती म्हणाली. “दाभण दुसऱ्या टोकाला भिडलं न्हाई पायजे.”

हॉर्न वाजत राहिला. घाईत दाभण एकदा विलासच्या अंगठ्यात घुसलं. त्याने गहिनीनाथच्या नावाने एक शिवी हासडली आणि तसंच धरून राहिला. शेवटचा टाका पडला, गाठ बसली.

पौर्णिमाला पुन्हा पुढे बसवलं. तिने ओढलं. मग दोन्ही हातांनी ओढलं. मग पाय बॅटरीला टेकवून ओढलं आणि मागच्या मागे बुडावर आपटली. टोपण जागचं हललं नाही. तिने आईकडे पाहिलं, ओठ काढला आणि भोकाड पसरलं.

गहिनीनाथ तणतणत दारात आला. “आता ही पोरगी कावून रडायली?”

“रडू द्या, मुकादम,” वनिता म्हणाली. “लई ब्येस रडायली.”