मुंबई राज्याचा शिक्का

खुर्चीवाल्यांनो, लवूचा संसार तुम्ही मोडलात! बायको नर्स म्हणून लंडनला गेली, तेव्हापासून लालबागच्या खोलीत तो एकटा जेवायचा, भिंतीशी बोलायचा. बारा वर्षं मोटारी तपासणाऱ्या लवूला तिकडे तपासनिसाची नोकरी मिळत होती. फक्त मुंबई राज्याने दिलेला तपासनिसाच्या परीक्षेचा दाखला खरा असल्याचा शिक्का हवा होता. कचेरीतला कारकून लवूच्याच चाळीतला. तो हसला. "अरे, मुंबई राज्य आहे कुठे आता? मेलेल्याचा शिक्का कुठून आणू?" "मग महाराष्ट्राचा मारा, भाऊ. त्याच्यासाठीच लाठ्या खाल्ल्यात." "महाराष्ट्राने तुझी परीक्षा घेतली कधी? आणि एक मे रोजी पेढे वाटत या कचेरीच्या दारावरची मुंबई राज्याची जुनी पाटी पान्याने कुणी उतरवली? तूच ना?" रांग खदखदून हसली. लवूला खोलीतल्यापेक्षाही एकटं वाटलं. त्याने साहेबाचं दार ढकललं. "पाटी मी उतरवली, साहेब. माझी बारा वर्षं कुणी पुसली? बोला!"