सुमो उभी होती, बारा ते तीन

"पैसे नकोत, मारुतराव. फक्त कागद द्या," म्हणून हौसरावांनी पानाची पिचकारी नव्या कुंडीत सोडली.

मारुतरावांना हसू आलं. साखर कारखान्याचा संचालक, बुडाखाली पांढरी सुमो, आणि सोमवारी सकाळी सातला भांडायला आलाय तो एका इंडिकेटरसाठी! शिरूरच्या या मंगल कार्यालयात बारा वर्षं मॅनेजरकी करून त्यांनी नाना तऱ्हेचे नग पाहिले होते. श्रीखंडावरून रुसलेले व्याही, चपलेसाठी मांडव डोक्यावर घेणारे मामा. हा त्यांच्याही वरचा.

सुमोचा पुढचा डावा इंडिकेटर फुटला होता. नुसती खोबण उरली होती. बंपर जरासा आत गेलेला.

"काल तुमच्या पार्किंगात कुणीतरी ठोकली. विमावाल्याला लिहून लागतं."

मारुतरावांनी लेटरहेड ओढलं.

*लिहून देतो की, काल रविवारी आमच्या कार्यालयातील लग्नास श्री. हौसराव हजर होते.*

गेटवरच्या संपतला बोलावणं गेलं. तो आला, गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून पाहिलं.

"आप्पा, ही गाडी काल आलीच न्हाई," तो मारुतरावांना म्हणाला.

"आली नाही? माइकवर 'संचालक हौसराव यांचं सहर्ष स्वागत' झालं, ते मी या कानांनी ऐकलं."

"स्वागत तर आमदाराचंबी झालं. त्यो तरी कुठं आलता? त्ये यादी वाचत्यात, आप्पा. मानसं बघत न्हाईत."

हौसराव खिडकीबाहेर बघत होते.

"आन् हितं फुटली असंल तर काच कुठं हाय?" संपत म्हणाला. "पाव्हणं गेल्यावर मी आन् गिताबाईनं समदं आवार झाडलं. अक्षदा निघाल्या, द्रोण निघालं, एक पैंजण निघालं, त्ये तुमच्याकडं जमा केलं. काचंचा एक तुकडा न्हाई."

"तुझं झाडणं मला ठाऊक आहे. मेंढरामागचा माणूस गेटवर उभा केला, ही माझीच चूक."

कार्यालयाच्या मागच्या खोलीत संपतचा संसार होता, बायको गिताबाई आणि पोरगी स्वप्नाली. नोकरी गेली की खोली जाणार, खोली गेली की स्वप्नालीची शाळा सुटणार. मारुतरावांना हे पक्कं माहीत होतं. म्हणूनच तर तो खोटं बोलतोय, हेही त्यांना पक्कं माहीत होतं.

*सदर पांढरी सुमो आमच्या आवारात उभी होती.*

"वेळ घाला," हौसराव म्हणाले. "बारा ते तीन."

"मुहूर्त साडेबाराचा होता, आबा. सगळ्या गावाला माहितीय. वेळ कशाला?"

"विमावाले लई किरकिर करत्यात."

घाला बाबा. एवढा मोठा माणूस आणि एवढंसं काळीज! मारुतरावांनी मनातल्या मनात हात जोडले आणि वेळ घातली.

*वॉचमनच्या हलगर्जीपणामुळे उभ्या गाडीस धक्का लागून डावा इंडिकेटर फुटला.*

"संपत, खाली सही कर. म्हणजे खोली तुझी राहील."

"जे झालंच न्हाई, त्याच्याखाली?"

"नाहीतर बोचकं बांध."

संपतनं पेन हातात घेतलं. कागद सावकाश वाचला. मग पेन टोपण लावून टेबलावर ठेवलं आणि तो मागच्या खोलीकडं वळला. तासाभरात गिताबाईच्या डोक्यावर गाठोडं, स्वप्नालीच्या हातात दप्तर आणि संपतच्या खांद्यावर पत्र्याची पेटी तळेगावच्या जीपला जाऊन लागली. मारुतरावांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. ते शिक्का उमटवत होते.

"चोख माणूस आहात," हौसरावांनी कागदाची घडी खिशात घातली.

बुधवारी दौंडहून एक हवालदार आला. त्याच्याजवळ त्याच कागदाची झेरॉक्स होती.

"सही-शिक्का तुमचाच?"

"माझाच. एका इंडिकेटरसाठी दोन तास डोकं खाल्लं हो त्यांनी. मिटवलं मी."

"रविवारी दुपारी एकला गाडी इथंच होती? नक्की?"

"लेटरहेडवर खोटं लिहीन का मी?"

"गेटवर कोण होतं?"

"होता एक खोटारडा. हाकलला."

हवालदारानं मान हलवली. खिशातून वर्तमानपत्राची पुडी काढून त्यानं ती टेबलावर सोडली. आत नारंगी काचेचे तीन तुकडे होते.

"मग ह्या काचा कुणाच्या, ते आता आम्ही कुठं शोधायचं?" तो म्हणाला. "रविवारी दुपारी एकला दौंडच्या रस्त्यावर मेलेल्या बाईच्या पदरात निघाल्या."