पाच पुठ्ठे आणि एक नाव

कुशाबाईनं पाचव्या पुठ्ठ्यावरची नावं ऐकली, पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, “न्हाय.”

गेणबानं डोळे मिटले. ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला. “मानसिंगराव!”

कुशाबाई लाजून खालीच बसली आणि शाळेच्या पटांगणात हळदीकुंकवाला जमलेल्या बाया हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. कळंबजवळच्या त्या वस्तीवर बाई नवऱ्याचं नाव घ्यायची ती फक्त उखाण्यात, तेही चौघींनी चिमटे काढल्यावर. आणि हा म्हातारा जादूगार, बाईनं नाव उच्चारायच्या आतच ते सांगून मोकळा होत होता! हे सातवं नाव. सातही बरोबर.

तरी खरं सांगायचं तर गेणबा मनातून घाबरलेला होता. वर्षापूर्वी माळेगावात त्याच्या बाहीतलं अंडं भर खेळात निसटलं आणि फुटलं. हात थरथरायला लागले होते. पोरं खदाखदा हसली. तीस वर्षं इंदापूर-बारामतीच्या जत्रा गाजवलेला माणूस, पण त्या हसण्यापुढं त्याचं काही चाललं नाही. घरी येऊन त्यानं जादूची पेटी माळ्यावर टाकली. आज ती पुन्हा खाली काढली होती, पण खेळ फसला तर ती थेट भंगारात जाणार, असं त्यानं बायकोला, सारजाला, सकाळीच सांगून टाकलं होतं.

त्याची पुतणी सुकन्या मात्र हट्टाला पेटली होती. ती बारामतीत कॉम्प्युटर शिकवायची. सत्त्याण्णव साल होतं ते. क्लास सुटला की ती तात्याला मशीनसमोर बसवायची आणि म्हणायची, आपण ह्याच्याकडून नवी जादू काढून घेऊ. पत्त्यांच्या दहाबारा युक्त्या निघाल्या. सगळ्यांत पत्ते पिसावे लागत. गेणबा नुसते हात पुढं करून दाखवायचा. एक दिवस तो भडकलाच. “ह्या डबड्याला कळतं तरी काय?”

“फक्त व्हय आणि न्हाय कळतं, तात्या. बाकी समदं त्यातनंच.”

“मग ह्ये तुझ्या काकूसारखंच हाय की! नवऱ्याचं नाव इचारलं तर तीबी तेवढंच बोलती. लग्नात उखाणा घेतला न्हाय बयेनं, अन् त्याला चाळीस वर्सं झाली. लोकांच्या कानातनं रुपये काढले मी, पर हिच्या तोंडातनं माझं नाव काय काढता आलं न्हाय.”

सुकन्या हसता हसता थांबली. जादू सापडली होती.

तिनं मतदार यादीतून वस्तीवरच्या बाप्यांची नावं कॉम्प्युटरला दिली. सारखी नावं एकदाच धरली, तर एकतीस भरली. कुठलं नाव कुठकुठल्या पुठ्ठ्यावर लिहायचं, ते कॉम्प्युटरनं मांडून दिलं. पाच वेळा व्हय-न्हाय ऐकलं की एकच नाव उरायला हवं. पुठ्ठे सुकन्यानं वाचायचे, आपल्या मालकाचं नाव त्यात आलं का, एवढंच बाईनं सांगायचं. हातांचं कामच नाही! गेणबानं महिनाभर घोकून मांडणी पाठ केली. डोकं अजून जाग्यावर होतं.

आता बनाबाई उठली. वस्तीवरची सगळ्यात तिखट बाई.

“आमच्या मालकांची नावं समद्या मुलखाला ठाव. कुणीतरी आधीच सांगितली असत्याल. परगावच्या बाईचं सांगा, मग खरं!”

तिनं इकडंतिकडं बघितलं. पेटीजवळ एक अनोळखी म्हातारी उभी होती. बनाबाईनं तिचा दंड धरला आणि ओढत पुढं आणलं. ती सारजा होती.

पुठ्ठ्यांवर फक्त ह्याच वस्तीची नावं होती. सुकन्यानं नाइलाजानं पहिला पुठ्ठा वाचला.

“न्हाय,” सारजा म्हणाली.

दुसरा. “न्हाय.” पाची पुठ्ठे संपले. पाची वेळा न्हाय.

गेणबा पेचात पडला. आपलंच नाव सांगावं, तर ही जादूगाराचीच बायको, सगळं ठरवून केलंय, असं बनाबाई म्हणणार. गप्प बसावं, तर खेळ फसला. त्याचे हात थरथरायला लागले. मागं कुणीतरी फिसकन हसलं. माळेगावात सुरुवात अशीच झाली होती.

सारजानं त्याच्या हातांकडं बघितलं. मग डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

“पाची पुठ्ठ्यांत घावलं न्हाय, कॉम्प्युटरला न्हाय ठाव,
चाळीस वर्सं जपून ठेवलं गेणबारावांचं नाव!”

पहिली टाळी बनाबाईनंच वाजवली. मग सगळं पटांगण उठलं. कुणी विचारत होतं, आमच्या माहेरी डाळजला कधी येता? कुणी पुठ्ठे उलटेपालटे करून बघत होतं.

गेणबाला ह्यातलं काही ऐकूच आलं नाही. तो बायकोकडं बघत उभा होता.

“आगं,” तो म्हणाला, “परत एकदा घे की!”