थंडीची गोधडी

त्याच्या बायकोच्या हातात कायम दोन कामं असायची, एक उन्हाळ्याचं पातळ पांघरूण आणि एक थंडीची जाड गोधडी. ऋतू पालटला की एक ट्रंकेत जायचं, दुसरं मांडीवर यायचं. यंदा मात्र ऐन उन्हाळ्यात तिने पांघरूण अर्धवट टाकलं आणि गोधडी शिवायला घेतली.

“इथे घामाच्या धारा लागल्यात आणि तुझं भलतंच काहीतरी!” तो हसला होता.

“थंडी काय माझ्यासाठी थांबणार आहे?”

ती गेली तेव्हा गोधडीची एक कड तेवढी शिवायची राहिली होती. हवेत गारवा आला तसा तो चष्मा लावून बसला आणि वेड्यावाकड्या टाक्यांनी त्याने ती कड पुरी केली. मुलीने गोधडी पलंगावर पसरली. ती पलंगाच्या मध्यावरच संपली.

“बाबा, जन्मभर दोघांच्या मापाच्या शिवल्या आईने. हिचंच माप कसं चुकलं? ही तर एकट्यापुरतीच झाली.”

तो गोधडीवरून हात फिरवत राहिला.

“तुझ्या आईचं माप कधी चुकलं नाही, बाळा.”